यमूचे केस, रमेची चिता

काही वर्षांपूर्वी महाविद्यालयातील अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत असताना एका उत्तरापाशी माझा हात थांबला. प्रश्न नेहमीचाच होता : 'स्वामी' या कादंबरीतील रमाबाईंच्या व्यक्तिरेखेचे विशेष स्पष्ट करा. एका विद्यार्थिनीने चार पाने नेटके उत्तर लिहून शेवटी म्हटले होते, की रमाबाईंचे सती जाणे हा कादंबरीचा उत्कर्षबिंदू असून तेथे त्यांच्या प्रेमाची परिपूर्ती होते. दहांपैकी आठ गुण देऊन मी पुढच्या उत्तराकडे वळले, आणि पुन्हा मागे आले. 'परिपूर्ती' हा शब्द माझ्या ओळखीचा होता. तो माझ्याच टिपणांतला होता. वर्गात तास संपायच्या घाईत, बाकांवर वाकलेल्या साठ डोक्यांना मी तो उतरवून दिला होता. एका तरुण स्त्रीच्या जिवंत जळण्याला अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी परिपूर्ती म्हणत होती, कारण तिच्या प्राध्यापिकेने तिला तसे शिकवले होते. आणि त्याबद्दल तिला आठ गुण मिळत होते.

मी स्वतः 'स्वामी' प्रथम वाचली ती शाळेत असताना, आणि शेवटची पाने वाचताना मी रडले होते. ते रडणे खोटे नव्हते. पण मी कोणासाठी रडले, हे आज आठवू पाहते तेव्हा लक्षात येते, की मी माधवरावांसाठी रडले, त्या दोघांच्या मोडलेल्या जोडीसाठी रडले, फार तर मराठी राज्याच्या दुर्दैवासाठी रडले. जी जळत होती तिच्यासाठी मला काही वाटल्याचे स्मरत नाही. हा केवळ माझ्या अपक्व वयाचा दोष मानला तर प्रश्न सोपा होतो. परंतु त्यानंतर मराठीत पदव्युत्तर शिक्षण घेऊन, कादंबरी या वाङ्मयप्रकारावर प्रबंध लिहून, वर्षानुवर्षे शिकवूनही मला तो प्रश्न पडला नाही. याचा अर्थ, जी समीक्षा मी शिकले तिच्यापाशी हा प्रश्न विचारण्याची भाषाच नव्हती. या लेखातील तक्रार कादंबरीकारांपेक्षा त्या समीक्षेविषयी अधिक आहे.

मराठी कादंबरीत स्त्रीवरील अन्यायाचे चित्रण कमी आहे, असे कोणीही म्हणणार नाही. किंबहुना मराठी कादंबरीचा प्रारंभच त्या चित्रणाने झाला. विधवापुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालचा आणि बाबा पद्मनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ सालचे. विधवांची दुःस्थिती हा त्या पुस्तकाचा घोषित विषय. या योगायोगाचा आपण फार अभिमान बाळगतो. आमची कादंबरी जन्मतःच सुधारणावादी होती, आमच्या लेखकांनी स्त्रीचे अश्रू प्रथम पाहिले, हे वाक्य वाङ्मयेतिहासाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात या ना त्या रूपाने सापडते. ते चूक नाही. पण अश्रू पाहिले म्हणजे माणूस पाहिले असे होत नाही. 'यमुनापर्यटना'तील विधवा बहुतेक दाखले म्हणून येतात. एकीची हकिकत संपली की दुसरीची सुरू होते, आणि त्या सगळ्यांचे दुःख लेखकाच्या प्रतिपादनाचा पुरावा होते. पद्मनजींचा हेतू स्वच्छ होता व त्यांनी तो लपवला नाही, म्हणून त्यांच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते दीड शतकानंतरही 'विषय स्त्रीचे दुःख, म्हणून दृष्टी स्त्रीच्या बाजूची' असे समीकरण मांडणाऱ्यांशी.

दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. कथेतील माणसे एखाद्या स्त्रीला माणूस म्हणून वागवत नाहीत, तिचे वस्तूत रूपांतर करतात, हे कादंबरीने दाखवणे ही एक गोष्ट. आणि कादंबरीच्या निवेदनानेच तिला वस्तू करून टाकणे, ही दुसरी. पहिल्यात अत्याचार हा कादंबरीचा विषय असतो; दुसऱ्यात तो कादंबरीची कृती असतो. पहिली कादंबरी कितीही भीषण, असह्य, किळसवाणी असू शकेल. दुसरी अत्यंत सोज्वळ, सुगंधी, घरातल्या सर्वांनी वाचावी अशी असू शकेल. या दोहोंत फरक करण्यासाठी स्त्रीपात्रावर किती अत्याचार झाले याची मोजदाद उपयोगी पडत नाही. तसेच लेखक पुरुष की स्त्री, हेही विचारून भागत नाही. विचारायचे ते एवढेच : तिला जे होत आहे ते तिला कळते आहे काय, आणि तिला कळते आहे हे आपल्याला कळू दिले जाते काय? दुःख भोगणारी स्त्री आपल्या कादंबरीत विपुल आहे. स्वतःच्या दुःखाची जाणती असलेली स्त्री मात्र विरळ आहे, आणि माणसाचे माणूसपण त्या जाणतेपणात असते.

आपल्या समीक्षेने हा प्रश्न का विचारला नाही? कारण स्त्रीविषयी बोलण्यासाठी तिने दोनच खोल्या बांधून ठेवल्या होत्या : एक अश्लीलतेची, दुसरी कारुण्याची. १९३३ साली विभावरी शिरूरकरांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला तेव्हा महाराष्ट्र खवळला. परंतु त्या कथांतील शिकलेल्या अविवाहित मुली काय सांगत आहेत याच्या चर्चेपेक्षा हे टोपणनाव कोणाचे, लेखिका खरोखर बाई आहे की कोणी पुरुष, याच्याच शोधात अधिक शक्ती खर्च झाली. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा'वर खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये लेखक निर्दोष ठरला. या सर्व वर्षांत वाङ्मयीन जगाने वाद घातला तो वाचकाच्या नीतीवर होणाऱ्या परिणामाचा. जणू पुस्तकात बिघडण्यासारखे एकच माणूस असते, आणि ते म्हणजे वाचक.

भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'चे उदाहरण याहून बोलके आहे. १९६५ साली ती प्रसिद्ध झाली आणि आचार्य अत्र्यांनी तिच्यावर तोफ डागली. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांची भाषा, मुलींविषयीचे त्यांचे बोलणे, त्यांचे चाळे यांनी सभ्य मराठी वाचक हादरला. पोक्याच्या तोंडी मुली वस्तू होऊन येतात, यात शंका नाही. पण ती भाषा पोक्याची आहे, त्या नाक्याची आहे, हे कादंबरी एक क्षणही लपवत नाही. त्या नजरेचे दारिद्र्य, तिचा रिकामेपणा, तिच्यातील भय आपण वाचता वाचता ओळखतो; आणि त्या नजरेच्या कडेने मुलींचे जे आयुष्य निसटते दिसते ते पोक्याला कळत नाही, आपल्याला कळते. कादंबरी पोक्याच्या नजरेची गुलाम नाही. गंमत अशी, की ज्या पिढीतील वाचक 'वासूनाका' मुलींच्या हाती पडू नये म्हणून धडपडत होते, त्याच पिढीने तिच्या तीन वर्षे आधी आलेली 'स्वामी' मुलींना वाढदिवसाला भेट म्हणून दिली. या दोहोंपैकी स्त्रीला माणूस न मानणारी कादंबरी कोणती, याचा निवाडा नव्याने करण्याची वेळ आली आहे असे मला वाटते.

त्यासाठी 'स्वामी'पासून सत्तर वर्षे मागे जावे लागेल. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' 'करमणूक'मधून १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. ते वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. फुलमणीचा मृत्यू त्याच वर्षीचा, आणि त्यातून उसळलेला संमतिवयाचा वाद पुढच्या वर्षी कायदा होऊन संपला. पंडिता रमाबाईंचे शारदासदन मुंबईहून पुण्यास आले तेही १८९० मध्ये. त्याच साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे वपन न करण्याचा निर्धार केला. म्हणजे विधवेच्या डोक्यावरचे केस हा त्या क्षणी केवळ करुणेचा विषय नव्हता. तो घराघरांत, सभांत, वर्तमानपत्रांत आणि वस्तरा हाती धरणाऱ्यांच्या जातपंचायतीत लढवला जाणारा प्रश्न होता.

हरिभाऊंनी त्या प्रश्नाला कादंबरीत कसे घेतले? त्यांनी यमूला बोलायला लावले. ही गोष्ट आपण इतक्या वेळा सांगितली आहे की तिचा अर्थ झिजून गेला आहे. प्रथमपुरुषी निवेदनाचा यशस्वी प्रयोग, आत्मनिवेदनाचे तंत्र, स्वाभाविक बोलभाषा : हे शब्द वापरून आपण मोकळे होतो. परंतु तंत्र म्हणून ज्याची नोंद आपण करतो ते येथे नीतीचे कृत्य आहे. यमू लहानपणचे खेळ सांगते, वडिलांचा धाक सांगते, आईचे झिजणे सांगते, सासरचे घर, रघुनाथरावांची साथ, शिकण्याचा आनंद, मुंबईतील ते थोडेसे मोकळे दिवस सांगते. हे सारे सांगणारी स्त्री विधवा आहे, आणि तिचे केस बळजबरीने काढले गेले आहेत. शंकरमामंजींच्या जुलमाचा तो प्रसंग येतो तेव्हा त्याचे वर्णन कोणी उभा राहून पाहणारा करत नाही. ज्या डोक्यावर वस्तरा फिरला त्याच डोक्यातून ते वर्णन येते. शंकरमामंजी तिचे केस घेऊ शकतात, पण वाक्याचे कर्तेपद तिच्याकडून घेऊ शकत नाहीत. वपनानंतरही 'मी' उरते. हरिभाऊंच्या कादंबरीचे सगळे मोठेपण मला त्या उरलेल्या 'मी'मध्ये दिसते.

यावर कोणी म्हणेल, की ही यमू पुण्यातील ब्राह्मण घरातली, पतिनिष्ठ, फारसे बंड न करणारी आहे. खरे आहे. हरिभाऊ तिला बंड करू देत नाहीत. तिला ते जमलेही नसते. पण येथे बंडाची अट घालणे म्हणजे आणखी एका आदर्शाच्या साच्यात तिला ओतणे होय. ती हरते, हरत असताना आपण हरतो आहोत, कोणाकडून आणि कशासाठी, हे तिला नेमके ठाऊक असते. आणखी एक गोष्ट. ही कादंबरी पुरुषाने लिहिली. स्त्रीचे दुःख स्त्रीनेच लिहावे, असा आग्रह धरणाऱ्यांनी हरिभाऊंपाशी जरा थांबावे. आणि पुरुषाला स्त्रीमनाचे दर्शन घडूच शकत नाही म्हणून आमच्या कादंबऱ्यांना दोष देऊ नका, अशी सोयीची पळवाट काढणाऱ्यांनी तर तेथे अधिकच वेळ थांबावे.

आता 'स्वामी'. प्रकाशन १९६२, साहित्य अकादमीचे पारितोषिक १९६४, आणि तेव्हापासून आजवर न आटलेली लोकप्रियता. थोरले माधवराव थेऊर येथे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी क्षयाने वारले आणि रमाबाई सती गेल्या, हे इतिहासाने सांगितले आहे. थेऊरला त्यांचे वृंदावन आहे. तेव्हा सतीची घटना रणजित देसाई यांनी रचली नाही आणि ती कादंबरीत आणल्याबद्दल त्यांना जाब विचारता येणार नाही. जाब विचारायचा तो घटनेचा नव्हे, तिच्या मांडणीचा. इतिहासातील रमाबाईंविषयी आपल्याला फारच थोडे माहीत आहे. म्हणजे कादंबरीकारापुढे मोकळी जागा मोठी होती; आणि माणूस मोकळ्या जागेत काय ठेवतो यावरूनच त्याची दृष्टी कळते. देसायांनी तेथे एक अतिशय गोड, हळवी, लाघवी पत्नी ठेवली. तिचे रुसणे, तिची वाट पाहणे, पतीच्या दुखण्यातील तिची सेवा : या सगळ्यांतून कादंबरी आपल्याला तिचा लळा लावते. आणि मग हा सगळा लळा ती चितेसाठी वापरते. शेवटाकडे जाताना कादंबरीची भाषा अधिकाधिक मंद्र होत जाते, करुण आणि उदात्त एकमेकांत मिसळतात, आणि वाचक त्या पानांतून बाहेर पडतो तो संतापाने नव्हे, एका प्रकारच्या तृप्तीने. अग्नीचा तेथे प्रकाश आहे, ताप नाही.

जळणाऱ्या देहाला काय होते? त्या स्त्रीच्या मनात पळून जावेसे वाटणारा एक क्षण आला असेल का? भोवती जमलेल्यांपैकी कोणाला तिने मागे वळावे असे वाटले असते तर त्याला ते बोलता आले असते का? हे प्रश्न आधुनिक मनाने अठराव्या शतकावर लादलेले नाहीत. पेशव्यांच्या त्याच घरात त्यांची उत्तरे चालतीबोलती वावरत होती. माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई १७६१ पासून विधवा होत्या. त्या सती गेल्या नाहीत, पुढे नाशिकजवळ गंगापुरास राहिल्या. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंनी पानिपतानंतर आपले वैधव्य मान्यच केले नाही, आणि त्यांचा तो नकार साऱ्या पुण्याला झेलावा लागला. रघुनाथरावांच्या मागे आनंदीबाईही जगल्या. याचा अर्थ सती जाणे ही त्या घरातल्या स्त्रीची एकमेव, अटळ वाट नव्हती. तेथे न जाण्याची उदाहरणे होती, आणि त्या न जाण्याची किंमत काय असते तेही रमाबाईंना रोज दिसत असणार. एका तरुण स्त्रीने त्या दोन वाटांपुढे उभे राहून काय पाहिले असेल, हा केवढा मोठा कादंबरीचा विषय! 'स्वामी'ने तो विषय प्रेमाच्या शेल्याखाली झाकला. तिथे निवडच उरली नाही, कारण प्रेम करणारी स्त्री दुसरे काही निवडूच शकत नाही असे कादंबरीने आधीच ठरवले आहे. रमेला माणूस नाकारले जाते ते तिचा छळ करून नव्हे. ती इतकी सुंदर केली जाते, की तिला मरण्याची भीती वाटण्याची मुभा उरत नाही.

या ठिकाणी ठरलेला आक्षेप येतो : कलाकृतीला कालाच्या बाहेरचे निकष लावू नका. हा आक्षेप मला एका चर्चासत्रात एका ज्येष्ठ अभ्यासकांनी ऐकवला होता, तोही वडीलकीच्या सुरात, "बाई, कादंबरी ही कादंबरी म्हणून वाचायला शिका" असे म्हणत. त्यांना मी तेव्हा उत्तर देऊ शकले नाही, आज देते. काल कोणाचा? रमाबाईंचा काल १७७२. कादंबरीचा काल १९६२. सतीबंदीला तेव्हा एकशे तेहेतीस वर्षे झाली होती आणि 'पण लक्षात कोण घेतो!' मराठी वाचकाच्या तीन पिढ्यांच्या हातून गेली होती. लेखक आणि वाचक दोघेही प्रजासत्ताकाचे नागरिक होते. कालविपर्यास झालाच असेल तर तो माझ्या वाचनात नाही. आणि ज्यांना हे सारे संग्रहालयातले वाटते त्यांनी ४ सप्टेंबर १९८७ हा दिवस आठवावा. राजस्थानातील देवराळा गावी अठरा वर्षांची रूपकंवर पतीच्या चितेवर जळाली आणि तिच्या नावाने चुनरीचा सोहळा करायला लाखावारी माणसे जमली. त्याच वर्षी केंद्राने जो कायदा केला त्यात सतीच्या महिमागानालाही गुन्हा ठरवले गेले. महिमागान हा गुन्हा का, हे त्या कायद्याच्या कर्त्यांना कळले होते : चिता पेटवणाऱ्या हातांच्या आधी ती पवित्र मानणारे डोळे तयार व्हावे लागतात. मी कोणत्याही कादंबरीवर बंदी मागत नाही. बंदीच्या भाषेनेच आपली समीक्षा किती आंधळी केली ते वर सांगितले आहे. पण कायद्याला जे कळले ते समीक्षेला कळू नये, आणि मुलीच्या उत्तरपत्रिकेत तेच महिमागान गुणांस पात्र ठरावे, याला काय म्हणायचे?

ऐतिहासिक कादंबरीत स्त्रीसाठी दोनच आसने मांडलेली असतात, हे जाता जाता नोंदवते. एकावर रमाबाई बसते, दुसऱ्यावर आनंदीबाई. एक जळते म्हणून देवी. दुसरी 'ध'चा 'मा' करते म्हणून कैदाशीण. नारायणरावाच्या खुनातील आनंदीबाईंचा हात इतिहासात वादाचा असला तरी लोकप्रिय कथनाला तो वाद परवडत नाही. तिला महत्त्वाकांक्षा होती, एवढा पुरावा त्याला पुरतो.

आणि हे केवळ ऐतिहासिक कादंबरीचे दुखणे आहे असे मानून कोणी निश्चिंत होऊ नये. खांडेकरांची 'ययाति' घ्या. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत ययातीबरोबर देवयानी आणि शर्मिष्ठाही स्वतः बोलतात. मघाशी मी 'मी'चे एवढे कौतुक केले, मग येथे दोन स्त्रियांना 'मी' मिळूनही माझे समाधान का होत नाही? कारण शर्मिष्ठेच्या 'मी'मधून जे बोलते ते पुष्कळदा त्याग आणि प्रेम यांविषयीचे खांडेकरांचे चिंतन असते; सर्वनाम तिचे, ज्ञान लेखकाचे. आणि ज्या मुलीला ते सर्वनामही मिळत नाही ती अलका. दाईची मुलगी, सोनेरी केसांची, राजपुत्राच्या आयुष्यात क्षणभर येणारी. तिला विष दिले जाते. राजवाड्याच्या झगमगाटाखाली काय दडले आहे, हे ययातीला कळावे म्हणून एक मुलगी मरते. तिचा मृत्यू हा नायकाच्या शिक्षणातील एक धडा होतो, आणि धडा संपल्यावर उरते ते तिच्या केसांचे स्मरण. यमूच्या केसांनी आपल्याला एक माणूस दाखवला होता. अलकेचे केस ती माणूस असल्याचा विसर पाडतात. वर्गात अलका ही 'निरागस सौंदर्याचे प्रतीक' म्हणून शिकवली जाते. दासींच्या मुली प्रतीके होतात, आणि राजपुत्रांना अंतर्मने असतात, याची आम्हाला इतकी सवय झाली आहे की तो अन्याय वाटतच नाही.

समीक्षेकडे परत येते. आपल्या विद्यापीठांत कादंबरीचे जे वर्गीकरण सर्वाधिक शिकवले जाते ते भालचंद्र नेमाडे यांचे : 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' या तीन प्रवृत्ती. मराठी कादंबरीच्या विचाराला या मांडणीने जी शिस्त लावली तिचे ऋण मी मानते. माझा प्रबंध तिच्या आधारावाचून उभा राहिला नसता. पण कादंबरी वास्तवाशी कसे नाते जोडते, वास्तवाला भिडते की त्यापासून पळते, हा तिचा निकष आहे. तीनपैकी दोन प्रवृत्तींना स्त्रियांची नावे आहेत, आणि तरीही ज्या स्त्रियांच्या नावाने या प्रवृत्ती ओळखल्या जातात त्यांचे त्या कादंबऱ्यांत काय होते, हा प्रश्न त्या मांडणीच्या कक्षेत येत नाही. वास्तवाशी प्रामाणिक असलेली कादंबरी स्त्रीशी प्रामाणिक असेलच, असे त्यात गृहीत धरल्यासारखे होते. तसे असते तर गोष्ट फार सोपी होती. ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली लिहिले तेव्हा पुरुषांच्या वर्तनाबरोबर त्यांच्या पुस्तकांतील व नाटकांतील स्त्रियांनाही त्यांनी फैलावर घेतले होते. मराठीतील स्त्रीवादी समीक्षेचा तो पहिला धडा. पण स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा उजेडात आणेपर्यंत तो जवळजवळ विस्मृतीत होता, आणि आजही ताराबाई 'सामाजिक जागृती' या प्रश्नात येतात, 'समीक्षा' या प्रश्नात येत नाहीत.

येथे आणखी एक कबुली द्यायला हवी. मी आतापर्यंत ज्या विधवेविषयी बोलत आहे ती एका विशिष्ट जातीची विधवा आहे. वपन आणि सती हे वरच्या जातींचे प्रश्न होते. ज्या जातींत पाट लावण्याची, म्होतुराची रीत होती तेथील नवरा मेलेल्या बाईचे प्रश्न वेगळे होते, आणि मराठी कादंबरीला ती बाई फार उशिरा दिसली. बाबूराव बागुलांची 'आई' ही कथा मी 'स्वामी'नंतर लगेच वर्गात वाचून दाखवते.  कथेची सुरुवात शाळेत होते. गुरुजी आईच्या वात्सल्याची कविता शिकवत आहेत, आणि वर्गातला पांडू ती ऐकत आहे. त्याची आई विधवा, मजुरी करणारी, मुकादमाशी नाव जोडली गेलेली. मुले त्याला चिडवतात. मातृत्वाची पूजा करणारी कविता हेच या कथेत त्या आईला मारण्याचे हत्यार होते. बागुल मुलाच्या डोळ्यांनी आईकडे पाहू लागतात, पण तेथेच थांबत नाहीत. ते तिच्या मनात जातात, तिची भूक, तिचे तरुण शरीर, मेलेल्या नवऱ्याच्या संशयाची आठवण, मुलावरची माया आणि स्वतःसाठी काही हवे असणे, हे सगळे एकाच वेळी खरे आहे असे दाखवतात. ती देवी नाही आणि कुलटा नाही. आपल्याला काय होत आहे हे तिला कळते. एकदा ही कथा वाचून झाल्यावर मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "मॅडम, हिच्यासाठी रडायचं का नाही?" मला तो प्रश्न फार आवडला. 'स्वामी' संपल्यावर तो कोणालाही पडत नाही, कारण तेथे रडायचे हे आधीच ठरलेले असते.

गेल्या वर्षी प्रश्नपत्रिकेसाठी मी एक प्रश्न सुचवला : 'पण लक्षात कोण घेतो!' आणि 'स्वामी' या कादंबऱ्यांत विधवेचे देहदुःख कोणाच्या दृष्टीतून सांगितले जाते, याची तुलना करा. प्रश्न परत आला. शेरा होता, 'अभ्यासपत्रिकेच्या कक्षेबाहेर'. त्याजागी रमाबाईंच्या व्यक्तिरेखेचे विशेष पुन्हा विचारले गेले, आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात 'परिपूर्ती' हा शब्द मला या वेळी अकरा वेळा सापडला. मी तो आता उतरवून देत नाही. तो बाजारात मिळणाऱ्या गाइडांत गेला आहे.